घरावरचं जाळं

लग्न होऊन सासरी आले त्या दिवशी माप ओलांडून पाय आत टाकते न टाकते तोच माझ्या मोठ्या जावेनं माझा हात धरला आणि मला थेट आतल्या खोलीत नेलं. मला वाटलं, देवापुढं नेते आहे. तिथं देव नव्हते. चार माणसांना उचलावं लागेल असं एक जड सागवानी तखत होतं. तिनं वाकून त्याच्याखालची जागा दाखवली.

"वावधन आलं की इथी शिरजो. डोकस्यावर हात, भिंतीकडं पाठ. बाकीचं घर मंग दाखवीन."

मी डोक्यावर पदर, कपाळावर मुंडावळ्यांचा वळ आणि गळ्यात कोमेजलेला हार घेऊन त्या तखताखाली बघत उभी राहिले. सावली तालुक्यात वादळाला वावधन म्हणतात, हेसुद्धा मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी कोरपन्याकडची. वडील सिमेंटच्या कारखान्यात मजूर, राहायला स्लॅबची चाळ. वारा आला की आम्ही खिडकी लावायचो, एवढीच आमची तयारी. त्यात मी दहावीपर्यंत शिकलेली. मनात म्हटलं, आपली जाऊ डोक्यानं अर्धी आहे, आता या घरात आपलंच चालणार.

तसं झालं नाही. पुढची आठ-नऊ वर्षं मी तिच्यावर जळत काढली.

ती दिसायला उंच, काळी, हाडापेरानं दणकट. बोलणं कमी. घरचा धंदा मासेमारीचा. गावचा तलाव आणि जवळची नदी, त्यावर आमचं पोट, आणि दीड एकर धान. जाळं विणावं तर तिनंच. तिच्या गाठी माझ्या भासऱ्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्यालासुद्धा सुटायच्या नाहीत. होळी झाली की ती जुनी, फाटकी जाळी बाहेर काढायची आणि आमच्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या छपरावर अंथरायची. कडांना जाड दोर, आणि ते दोर चारी कोपऱ्यांवर जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधलेले. लोक छपरावर गोटे ठेवतात, ते तिला पटायचं नाही. "गोटा उडला तं डोकं फोडते. दोर कोनाचं डोकं फोडत नाई."

रस्त्यानं जाणारे हसायचे. एक म्हातारा तर रोज ओरडायचा, "काय बाई, आज केवढं घर गावलं जाळ्यात?" ती म्हणायची, "लहान हाय, सोडून देतो पान्यात." आणि काम चालू.

होळीपासून मृगापर्यंत भिंतीवरचे सगळे देव ती खाली उतरवायची. काचेच्या तसबिरी एका गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात. पूजेला बसलं की जमिनीवरच्या देवाला हात जोडायचे. मी एकदा म्हटलं, "बाई, देवाले खाली ठेवतेत काय?" तर म्हणाली, "देव पडला तं काच आपल्याच पायात जाते."

दुपारी तीननंतर दोरीवर कपडा ठेवायचा नाही. घरात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात रेशन कार्ड, सातबारा, बरणीत घट्ट बंद केलेली माचिस, फुटाणे, गूळ, हळद, धुतलेल्या लुगड्याच्या पट्ट्या. त्या पेटीला हात लावायचा नाही. मला पहिल्या बाळंतपणानंतर फुटाण्यांची तलफ आली होती, आणि मी चोरून मूठभर काढले, तर दुसऱ्या दिवशी पेटीची जागा बदललेली. माझ्यासाठी वेगळ्या डब्यात फुटाणे भरून ठेवले होते. मला ते फुटाणे खाववले नाहीत. मी ते कोंबड्यांना टाकले.

नवऱ्याच्या भाचीसाठी स्थळ बघायला आम्ही निघालो तेव्हा ती म्हणाली, "पोरगा कसा हाय ते तुमी पाहा. मी आडं पाहतो." आडं म्हणजे छपराचा मधला वासा. तिथं चहा-पोहे चालू असताना ही बाई पाटावरून उठली, मागच्या दारानं जाऊन छपराखाली मान वर करून उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, "घुन लागला हाय. लगन करा, पन पावसाच्या आदी आडं बदला." मुलाचा बाप लालबुंद झाला. लग्न झालं, आडंही बदललं, आणि ती सोयरीक आजही चांगली आहे. कुणाच्या मांडवात गेली तर आधी बांबू हलवून बघायची. दोन लग्नांत तरी तिनं जेवणाच्या पंगती चालू असताना मांडवाचे दोर सोडून पुन्हा बांधले. मला तिच्या शेजारी बसायची लाज वाटायची.

हे सगळं सांगताना मी तिला वेडी ठरवते आहे असं वाटेल. तेव्हा मला तेच ठरवायचं होतं. अडचण एकच होती. तिला हसणारे सगळे वैशाखात दुपारी आमच्या अंगणात यायचे. "बाई, आज मोहफुलं झाकू काय?" "बाई, बैल आत बांधू काय?" ती पश्चिमेकडं बघायची, तलावावर चक्कर मारून यायची, पाण्यातल्या मासोळ्या तोंड वर काढतात का ते बघायची आणि सांगायची. दहातून सात वेळा काहीच यायचं नाही. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "नाई आलं तं बरंच झालं की." माझ्याकडं रेडिओ होता. मी रोज हवामान ऐकायचे आणि मोठ्यानं सांगायचे. मला कधी कुणी विचारलं नाही. माझ्या गोऱ्या रंगाचं, माझ्या अक्षराचं, माझ्या हातच्या रश्शाचं कौतुक सगळे करायचे. पण बैल कुठं बांधायचा ते तिला विचारायचे.

माझा नवराही त्यातलाच. कशावरही "वहिनी म्हनते ते बरोबर हाय" म्हणायचा.

आणि मग माझी पोरं.

तिला मूलबाळ नव्हतं. मला मुलगी झाली, तिच्या पाठीवर तीन वर्षांनी मुलगा. मुलीचं नाव सुमन. ती चालायला लागली तशी जावेनं तिला वावधनाचा खेळ शिकवला. कधीही, जेवताना, खेळताना, ती पितळेची थाळी तीनदा वाजवायची. पोरांनी हातातलं टाकून आतल्या खोलीत पळायचं, तखताखाली शिरायचं, डोक्यावर हात घ्यायचे. शेजारपाजारची पोरंही यायची. मग ती खाली वाकून एकेकाच्या डोक्याला हात लावायची आणि फुटाणे द्यायची. पोरांना तो खेळ माझ्या हातच्या पुऱ्यांपेक्षा आवडायचा. मी अभ्यासाला बसवलं की सुमनचे कान थाळीकडं.

"मोठीमाय, आज वावधन कर ना!" असं म्हणत ती तिच्या मागं फिरायची. मोठीमाय. आमच्याकडं काकूला तसंच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण मला प्रत्येक वेळी ते ऐकून वाटायचं, मग मी काय लहान?

त्या खेळात तिचा एक नियम होता. थाळी वाजली की घरातल्या बाईनं आधी चुलीत पाणी ओतायचं, मगच लेकरू उचलायचं. ती तो नियम मला घोकून घ्यायची. "आदी चूल, मंग मूल. म्हन."

एक दिवस मी चिडून तिला म्हटलं, "ज्याले मूल नाई त्याले चूलच पैली दिसन, बाई."

अंगणात दोन शेजारणी होत्या. त्या खाली बघायला लागल्या. जावेनं थाळी पुसली, खुंटीला लावली आणि तलावावर निघून गेली. त्या दिवशी दुपारी नवऱ्यानं मला सांगितलं. तिचं माहेर नदीपलीकडं, चामोर्शीकडं. ती आठ वर्षांची असताना तिथं वावधन आलं. तिच्या आईनं धाकटं लेकरू उचललं आणि पळाली. चूल पेटती राहिली. वाऱ्यानं निखारे छपरात नेले. तेव्हा छप्पर तणसाचं, भाताच्या पेंढ्याचं होतं. लेकरू वाचलं. आतल्या खोलीतली तिची आजी जळून गेली, आणि घरांची अख्खी ओळ गेली.

"तुले मालूम नव्हतं, पन बोलाले नको होतं," नवरा म्हणाला.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली दुसरंच होतं. मला वाटलं, हिच्याकडं ही गोष्टही आहे. माझ्याकडं सांगण्यासारखं काय आहे? स्लॅबची चाळ.

मी माफी मागितली नाही.

त्यानंतर मी हट्ट धरला की मला वेगळी खोली पाहिजे, आणि तीही टिनाची. कवेलूतून विंचू पडतात, पोरांना चावतील, असं कारण सांगितलं. खरं कारण, तिच्या छपराखालून मला पोरं काढायची होती. अंगणाच्या पलीकडच्या बाजूला नवऱ्यानं विटांची खोली उभी केली, वर नवं कोरं टिन. उन्हात चमकायचं. मला फार आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी जाऊ खांद्यावर जाळं घेऊन आली.

"खिळ्यावर टिन रायत नाई व. याच्यावरून दोर पाहिजे."

"नवीन टिनावर फाटकं जाळं?"

"वारा नवं-जुनं पाहत नाई."

नवरा शिडी घेऊन उभाच होता. माझं कोणी ऐकलं नाही. माझ्या चमकत्या टिनावर मासळीचा वास मारणारं काळं जाळं पडलं आणि चार कोपऱ्यांना चार खुंटे आले.

त्या वैशाखात कोरपन्याहून माझा भाऊ दोन दिवसांसाठी येणार होता. पहिल्यांदाच माझं वेगळं घर बघणार होता. तो यायच्या सकाळी, घरात कोणी नसताना, मी चारही दोर सोडले. गाठी सुटेनात. मी लाटण्याचं टोक घालून, नखं मोडून एकेक गाठ सोडली आणि जाळं ओढून खोलीमागं टाकलं. भाऊ आला, म्हणाला, "ताई, तुझी खोली तर झकास!" ते दोन दिवस मी फार सुखात होते. तो गेला त्या संध्याकाळी जावेनं विचारलं, "जाळं काढलं होतं ना व? बांधलं काय परत?"

"बांधलं," मी म्हटलं.

जाळं वर टाकलं होतं, तेवढं खरं. खालून दिसावं म्हणून. दोर बांधले नव्हते. त्या गाठी मला येतच नव्हत्या, आणि तिला विचारायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वावधन आलं.

दुपारचे चार वाजले असतील. पुरुष माणसं तलावावर. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं होतं, त्यामुळं मासळी काढायचं काम जोरात. मी माझ्या खोलीत मशीनवर पोरीचा फ्रॉक शिवत होते. सकाळपासून हवा हलत नव्हती. एकदम पिवळा उजेड पडला. मी बाहेर बघितलं तर तलावापलीकडची झाडं दिसेनात, नुसती माती उभी राहिलेली. आणि थाळी वाजली. तीनदा.

सुमन आणि तिचा भाऊ अंगणाच्या मधोमध खेळत होते. मी दारात येऊन ओरडले, "सुमे, इकडं ये! त्याले घेऊन इकडं ये!"

ती उभी राहिली. सात वर्षांची पोर. माझ्याकडं बघितलं. मग पलीकडच्या दारात थाळी घेऊन उभ्या असलेल्या मोठीमायकडं बघितलं. किती वेळ बघत होती? क्षणभरच असेल. मला तो फार मोठा वाटला. मग तिनं भावाचा हात धरला आणि तिकडं पळाली.

डोक्यावर टिन कडकड वाजायला लागलं होतं. माणसाला अशा वेळी भीती वाटावी. मला भीती वाटली नाही. राग आला. मनात म्हटलं, जा. जा तिच्याकडं. मी इथंच बसते. आणि मी खरोखर आत गेले आणि मशीनसमोर बसले. दार लावलं नाही, पळाले नाही. वारा खोलीत शिरला, कापड उडालं, टिनाचा एक कोपरा वर उठून खाली आपटला, आणि मी बसून राहिले. आज पोरं-नातवंडांच्या घरात राहणारी मी, मला स्वतःलाच कळत नाही की मी कशी बसले होते.

ती आली. पोरांना तखताखाली घालून, चुलीत पाणी ओतून, त्या धुळीतून अंगण ओलांडून आली. मला तिचं तोंड दिसलं नाही. माझं मनगट तिनं धरलं एवढं कळलं.

"ऊठ!"

"मी नाई येत."

"ऊठ म्हनलं तं!" आणि तिनं मला खेचलं. इतक्या वर्षांत ती माझ्यावर ओरडली ती त्या एकदाच.

आम्ही दाराबाहेर पडलो आणि मागं खिळे उपटल्याचा आवाज झाला. टिन वर गेलं. मी मान खाली घातली होती. अंगावरून काहीतरी वाऱ्यासारखं गेलं. ती एकदा थबकली, पण तिनं माझा हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं मला आतल्या खोलीत ढकललं आणि पाठीनं दार लोटलं. मग गारा सुरू झाल्या. तखताखाली मी, ती, माझी पोरं आणि शेजारची तीन. छपराचं जाळं करकर वाजत होतं, कवेलू जागच्या जागी आपटत होते, पण छप्पर बसून होतं. माझ्या हातावरून काहीतरी गरम ओघळत होतं. मला वाटलं, पाऊस आत आला. पाऊस गरम नसतो हे मला नंतर सुचलं.

टिनाच्या पत्र्यानं तिच्या उजव्या हाताला मनगटाच्या वर, आतल्या बाजूनं, हाडापर्यंत चीर दिली होती.

तीच शांत होती. "सुमन, पेटी आन. पट्टी काढ. हळद काढ. आता घट्ट बांध. रडू नको, अगोदर बांध." माझ्या पोरीनं बांधलं. मग पुरुष धावत आले. रस्त्यावर झाडं पडलेली. बैलबंडीनं, वाटेत फांद्या तोडत, तिला सावलीच्या दवाखान्यात नेलं. तिथून गडचिरोलीला. जीव वाचला, हातही वाचला. पण अंगठा सोडून चार बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत. जाळं विणायचं बंद झालं.

ती दवाखान्यातून आली त्या दिवशी अख्खं गाव अंगणात जमलं होतं. त्या वावधनात गावात बरीच छपरं गेली होती, आमचं जुनं राहिलं होतं, आणि समोर माझी खोली उघडी पडली होती. रोज हसणाऱ्या त्या म्हाताऱ्यानंच विचारलं, "बाई, त्या खोलीवर बी जाळं होतं ना तुमचं? ते कसं उडालं मंग?"

जाऊ उठली. माझ्या खोलीच्या कोपऱ्यातल्या खुंट्यापाशी चिखलात जाळ्याचा दोर पडला होता. तिनं डाव्या हातानं त्याचं टोक उचललं, अंगठा त्यावरून फिरवला. बराच वेळ बघितलं. मग दोर गुंडाळून काखेत मारला.

"कुजका दोर होता," ती म्हणाली. "माहीच चूक. जुना दिला मी."

"तुमची कायची चूक, वहिनी?" माझा नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझ्यासाठी त्याचे डोळे कधी भरले नव्हते. मी तिथंच उभी होते. बोलायची वेळ तीच होती. मी बोलले नाही. तिच्या हाताचं पाप माझ्यावर होतं, आणि मला सलत होतं ते दुसरंच.

पुढचं वर्षभर मी तिचं सगळं केलं. वेणी घातली, भाकरीचे तुकडे करून ताटात वाढले. लोक म्हणायचे, जाऊ असावी तर अशी. तिला कळलं आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ती नेहमीसारखीच होती. मी तिच्या तोंडाकडं बघायचे, काही सापडायचं नाही.

होळी झाली. जाळी बाहेर काढायची वेळ आली. तिनं पुरुषांना बोलावलं नाही, मला बोलावलं.

"शिडीवर चढ. मी सांगतो तसं कर."

मी छपरावर जाळं अंथरलं, खाली उतरले आणि पहिल्या खुंट्यापाशी बसले. ती समोर उकिडवी बसून सांगत होती, दोर कुठून घ्यायचा, कुठून काढायचा, कुठं वळवायचा. माझी गाठ सारखी निसटत होती. तिची अर्धी उघडी बोटं हवेत गाठ मारल्यासारखी हलत होती. ती बोटं बघून माझा बांध फुटला.

"बाई, तो दोर कुजका नव्हता. मी सोडला होता. भाऊ येनार होता म्हनून. अन् मंग बांधला नाई."

ती म्हणाली, "मालूम हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुटला की दोर पिंजते. तो साबूत होता."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

दारात सुमन भावाला पाटीवर ग म भ न काढून दाखवत होती. तिकडं बघत ती म्हणाली, "बोलली असती तं तुह्या नवऱ्यानं तुले मारलं असतं. तू पोरं घेऊन कोरपन्याले निंगून गेली असती. हात गेला तं गेला, व. पोरं गेली असती तं मी काय केलं असतं?"

मी रडले. ती रडली नाही. पुन्हा दोराकडं वळली आणि म्हणाली, आता वरून घे.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. सुमन तेव्हा नर्सिंगच्या शिक्षणाला गडचिरोलीला होती. ती धावत आली आणि तिनं मोठीमायच्या पायांवर डोकं ठेवून जो हंबरडा फोडला, तो ऐकून बाया मला म्हणाल्या, तिले सांभाळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खुंट्यापाशी झालेलं ते बोलणं त्या वेळी तिला सांगायला हवं होतं, की तिच्या मोठीमायनं कशासाठी तोंड मिटून घेतलं होतं. शब्द ओठांवर आले होते.

पण मला वाटलं, हे कळलं तर पोरगी पूर्ण तिचीच होईल. मी पाठीवरून हात फिरवत राहिले आणि गप्प बसले.